टांगाईलला उतरलेल्यांचं सांगणं आत्ताच नोंदवून घ्या: माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. बांगलादेश मुक्तीच्या युद्धात, ११ डिसेंबर १९७१ ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलजवळ विमानातून छत्रीने उडी घेतलेले जे जवान आज महाराष्ट्रातल्या गावांत हयात आहेत, त्यांना शोधून त्यांचं सांगणं सरकारने नोंदवून घ्यावं, आणि तेही याच वर्षी. तेव्हा विशी-बाविशीत असलेला शिपाई आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे, आणि त्या वेळचे हवालदार-सुभेदार तर त्याहून बरेच थकलेत. पाच वर्षांनी हाच आदेश निघाला तर तो कुणासाठी काढायचा, हा प्रश्न पडेल.

त्या दिवशी काय घडलं ते थोडं विस्ताराने लिहिते, कारण मराठी वाचकांनाच ते सांगावं लागतं, हे माझं दुःख आहे. पाकिस्तानची ९३ वी ब्रिगेड मैमनसिंगहून मागे सरकत ढाक्याकडे निघाली होती. ती ढाक्यात पोचली असती तर राजधानीची तटबंदी बळकट झाली असती. तिची वाट लोहाजंग नदीवरच्या पुंगली पुलावरून जात होती. तो पूल रोखायचं काम मिळालं दुसऱ्या पॅरा पलटणीला, म्हणजे २ पॅरा (मराठा) ला. पलटणीचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. सोबत तोफखान्याची, इंजिनिअरांची आणि फील्ड ॲम्ब्युलन्सची माणसं मिळून सातशेहून अधिक जण. पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा आणि डमडम इथून विमानं उठली आणि दिवस मावळायच्या सुमारास टांगाईलच्या आभाळात छत्र्या उघडल्या.

एका जवानाची स्टॅटिक लाईन, म्हणजे छत्री उघडणारा पट्टा, अडकली आणि तो विमानाबाहेर लोंबकळत राहिला. विमान वेगात, खाली शत्रूचा मुलूख. तोही नंतर छत्रीने सुखरूप उतरला. काही जण आणि काही सामान ठरल्या जागेपासून दूर पडलं, काही तर तळ्यांत गेलं. आसपासच्या गावांतले लोक धावत आले, त्यांनी पेट्या डोक्यावर घेतल्या, वाटा दाखवल्या. ही मदत आपोआप झाली नव्हती. कॅप्टन पी. के. घोष आधीच शत्रूच्या मुलखात शिरले होते आणि कादर सिद्दिकींच्या मुक्तिबाहिनीशी, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांशी, बोलून त्यांनी जमीन तयार करून ठेवली होती. छत्रीने उतरलेला सैनिक पहिल्या तासात सगळ्यात दुबळा असतो. तो विखुरलेला असतो, सोबत पुरतं सामान नसतं आणि मागून कुमक येणारच याची खात्री नसते. टांगाईलला तो तास निभावला आणि अंधार पडल्यावर थोड्याच वेळात पूल पलटणीच्या ताब्यात आला. रात्रभर पाकिस्तानी तुकड्या पुलावर चालून आल्या. पूल गेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरेकडून, जमालपूर जिंकून, १ मराठा लाईट इन्फंट्री येऊन मिळाली. हीच ती जंगी पलटण. एक पलटण आभाळातून आलेली, दुसरी लढत लढत रस्त्याने आलेली, आणि दोन्हींची नाळ एकाच मराठा रेजिमेंटची. पुलावर त्या दिवशी कोण कुणाच्या गावचं निघालं असेल, कुणी कुणाला काय विचारलं असेल? हे लष्कराच्या कागदांत सापडणार नाही. ते फक्त त्या माणसांजवळ आहे.

पुढचं तर सगळ्या जगाने पाहिलं. परदेशी वृत्तसंस्थांनी पाच हजारांची अख्खी ब्रिगेड उतरल्याच्या बातम्या दिल्या आणि ढाक्यातल्या सेनापतींचं अवसान आणखी गळालं. १६ डिसेंबरच्या सकाळी २ पॅरा ढाक्याच्या वेशीवर, मीरपूर पुलाशी होती. आपले मेजर जनरल गंधर्व नागरा यांनी पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझींना शरण येण्यासाठी लिहिलेली चिठ्ठी घेऊन जे अधिकारी जीपमधून शहरात गेले त्यांत याच पलटणीचे कॅप्टन निर्भय शर्मा होते. पन्नूंना महावीर चक्र मिळालं, पलटणीला 'पुंगली पूल' हा रणसन्मान मिळाला.

ही पलटण 'पॅरा' झाल्यामुळे आपण तिला आपलं म्हणायचं विसरलो की काय, अशी शंका मला येते. तिची मुळं जुन्या मराठा पलटणींत आहेत. दुसऱ्या महायुद्धात ती ३/५ मराठा लाईट इन्फंट्री म्हणून इटलीत लढली. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ ला त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा बावीस वर्षांचा हा पोरगा एकटा मशीनगनवर धावून गेला. बॉम्ब टाकला, गोळ्या झाडल्या, आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हणून बंदुकीची नळी धरून दस्त्याने लढला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांचं स्मारक उभं राहिलं. पुढे १९४८ साली ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमधून हीच पलटण जम्मू-काश्मीरमधल्या झांगडच्या लढाईत होती. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली तरी कंसात 'मराठा' हे नाव राहिलं. १९९६ साली २१ मराठाचीही २१ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक त्याच पलटणीचे अधिकारी. २०१५ साली कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना त्यांना वीरमरण आलं. म्हणजे घाडग्यांपासून महाडिकांपर्यंत धागा अखंड आहे. आपल्याकडे तो सलग सांगणारं कुणी नाही.

आमच्या तालुक्यात टांगाईलच्या उडीतले एक नाना राहतात. मी शाळेतल्या मुलींना घेऊन त्यांच्याकडे गेले होते. मुलींनी विचारलं, छत्री उघडते कशी? नानांनी पडवीतल्या वाळवणाच्या तारेला एक हूक अडकवला, त्याला पट्टा बांधला आणि आपल्या पाठीशी धरला. हूक विमानातल्या तारेला राहतो, माणूस जातो, पट्टा ताणला की छत्री आपोआप बाहेर ओढली जाते. मग त्यांनी मुलींना रांगेत उभं केलं. लाल दिवा म्हणजे दाराशी तयार, हिरवा म्हणजे गो. "मागचा थांबला तर सगळेच चुकीच्या जागी पडतात, म्हणून थांबायचंच नाही," एवढंच ते म्हणाले. आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत पाच उड्या मारल्या तेव्हा छातीवर विंग लागली, ती विंग (छत्रीधारी सैनिकाचा बिल्ला) आणि मरून रंगाची बॅरे टोपी त्यांच्या ट्रंकेत इस्त्रीच्या कपड्यांखाली आहे. गुडघे गेले आहेत, उठताना भिंतीला धरावं लागतं. त्यांचं हे सगळं टिपून घ्यायला आजवर कुणीही आलेलं नाही.

काम कसं करता येईल तेही सुचवते. सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या नोंदी तिथे आहेतच. त्यांतून १९७१ साली पॅरा पलटणींत किंवा ५० पॅरा ब्रिगेडच्या कुठल्याही तुकडीत असलेल्यांची तालुकावार यादी काढावी. फील्ड ॲम्ब्युलन्सवाल्यांना वगळू नये. याच शाखेची ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स १९५० ते १९५४ कोरियात होती आणि तिथेही तिच्या माणसांनी उडी घेतली, हे तर आणखीच कमी लोकांना माहीत आहे. मग महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याच बोलीत, घाई न करता त्यांना बोलतं करावं. ऐकणाऱ्याने लढाईचा नकाशा सोबत न्यावा, म्हणजे बोट ठेवून सांगता येतं. पुरुषांइतकंच त्यांच्या कारभारणींनाही विचारावं. त्या डिसेंबरात पोस्टमन दारात दिसला की घरात काय व्हायचं, हाही त्या युद्धाचा इतिहास आहे.

जमलेलं सगळं राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात जपावं, त्याची एक प्रत मराठा लाईट इन्फंट्रीच्या बेळगावच्या केंद्राला द्यावी आणि त्यातली चार पानं बालभारतीकडे द्यावीत. पुतळे, कमानी, चौकांची नावं नंतर पाहता येतील. त्यांना मुहूर्त लागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर प्रवासभत्ता आणि ध्वनिमुद्रणाचं साधं यंत्र, याहून फार काही लागणार नाही. आमच्या तालुक्यापुरती माणसं आम्ही देतो. आम्ही काही निवृत्त शिक्षक-शिक्षिका विनामानधन हे काम करायला तयार आहोत. आम्हाला फक्त यादी आणि कार्यालयाचं पत्र हवं, कारण पत्राशिवाय वृद्ध माणूस परक्यासमोर मोकळा होत नाही आणि होऊही नये. आदेश येत्या ११ डिसेंबरच्या आत निघावा ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
खटाव तालुका, जि. सातारा