यंत्र केवढं, हे शेवटी ठरवायचं

लीड्स,
२४ नोव्हेंबर

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस सा. न.

ऐरोलीच्या घराचा नकाशा मिळाला. तळमजला अधिक दोन मजले, पाच बाथरूम, आठ माणसं. दादा, तू विचारलंस की इथे असतो तसा एकच मोठा गॅस बॉयलर अख्ख्या घराला बसवावा का. माझं मत, बसवू नये. इथल्या बॉयलरचं मुख्य काम रेडिएटरमध्ये पाणी फिरवून घर उबदार ठेवणं, आंघोळीचं पाणी हे त्याचं दुसरं काम. शिवाय जानेवारीत इथे नळाला ५ ते ८ अंशांचं पाणी येतं. तुमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थंडीतल्या पहाटेसुद्धा २२ अंशांच्या आसपास धर. इथलं माप तिथे लावलं, तर दुप्पट मोठं यंत्र गळ्यात पडेल.

हिशोब सोपा आहे. मिनिटाला लागणारे लिटर गुणिले तापमानातला फरक गुणिले ०.०७, की किलोवॅट मिळतात. साध्या शॉवरला मिनिटाला ८ लिटर लागतात. पाणी २२ वरून ४० वर न्यायचं, म्हणजे फरक १८. दोन शॉवर एकदम चालू असतील तर १६ × १८ × ०.०७, म्हणजे साधारण २० किलोवॅट. तिसरा सुरू झाला की ३०. पहिल्या मजल्यावर जो मोठा रेन शॉवर दाखवलाय, तो मिनिटाला १५ लिटर घेणारा असेल तर एकटाच १९ किलोवॅट खाईल. वहिनी, तो बदलून ८-९ लिटरचा घ्या. पूर्ण यादीतली सर्वात स्वस्त बचत हीच आहे.

आता मीटर. यंत्र निवडण्याआधी महानगर गॅसच्या मीटरवरची पाटी वाच. 'जी १.६' लिहिलं असेल, तर त्यातून तासाला जास्तीत जास्त २.५ घनमीटर गॅस जातो, म्हणजे ढोबळमानाने २५ किलोवॅट. त्यातच सकाळचा चहा आणि पोळ्या. शेगडीचे दोन बर्नर पेटले की ४ किलोवॅट गेले. यंत्रातही थोडी उष्णता वाया जातेच, त्यामुळे २० किलोवॅट उष्णता पाण्यात उतरायला २२-२३ किलोवॅटचा गॅस जाळावा लागतो. एवढ्यानेच मीटर भरला. म्हणून सगळा भार गॅसवर टाकायचाच नाही.

माझी मांडणी अशी. गच्चीवर ३०० लिटरचं सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारी टाकी, त्याला साधारण ६ चौरस मीटर पॅनेल. त्याचं पाणी मिनिटाला १६ लिटरच्या गॅस गिझरमधून जाऊन वरच्या दोन्ही मजल्यांना मिळेल. ऑक्टोबर ते मे गिझर जेमतेम पेटेल. खरं काम पावसाळ्यात, पॅनेलवर ढग असताना. आणि नरकचतुर्दशीला पाहुणे धरून बारा माणसांना उजाडायच्या आत अभ्यंगस्नान उरकायचं असतं, तेव्हा आदल्या दिवशीचं साठवलेलं पाणी कामाला येईल. मोजायचं असेल तर त्या पहाटेचं मोज, एरवीच्या मंगळवारचं नको.

गिझर 'सोलरचं पाणी चालणारा' आहे, असं विक्रेत्याकडून लिहून घे. साध्या गिझरची किमान आग ५ किलोवॅटची असेल, तर मिनिटाला ६ लिटर पाणी १२ अंशांनी तापणारच. सोलरमधून ५० अंशांचं पाणी आत आलं, तर बाहेर ६२ अंशांचं येईल. तेवढं तापलेलं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. सोलरचं पाणी चालणाऱ्या गिझरला आत येणारं पाणी किती गरम आहे ते कळतं आणि गरज नसेल तर तो पेटत नाही. तरीही गिझरनंतर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात आपोआप गार मिसळून ठरवलेलं तापमान राखणारा) लावून ४५ वर ठेव, कारण मे महिन्यात सोलरची टाकीच ७० पार करते. पावसाळ्यात मात्र सोलरचं पाणी आठवडेच्या आठवडे कोमट पडून राहतं. २० ते ४५ अंशांत लिजिओनेला नावाचे, आजार पसरवणारे जंतू वाढतात, म्हणून टाकीतल्या विजेच्या कॉइलने आठवड्यातून एकदा ती ६० अंशांवर न्यायची.

आईची तळमजल्यावरची बाथरूम या लाइनला जोडू नकोस. नकाशात गच्चीपासून तिथपर्यंत १५ मीटर पाइप दिसतो. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) पाइपच्या एका मीटरमध्ये पाव लिटर पाणी मावतं. म्हणजे गरम पाणी येण्याआधी जवळजवळ चार लिटर गार पाणी सोडून द्यायचं, आणि नळ बंद केला की तेवढंच गरम पाणी भिंतीत निवायला ठेवायचं, दर आंघोळीला. तिच्यासाठी १५ लिटरचा, २ किलोवॅटचा विजेचा गिझर पुरे. वीस मिनिटांत २२ वरून ६० वर जातो, आणि विसण घातलं की ४० अंशांचं ३२ लिटर पाणी होतं, म्हणजे दीड बादली.

वरच्या मजल्यांच्या गरम लाइनला प्लास्टर होण्याआधी १३ मिमी जाडीचे नायट्राइल फोमचे स्लीव्ह, म्हणजे उष्णता धरून ठेवणारी वेष्टणं, चढवून घे. कन्सिल्ड, म्हणजे भिंतीतले, पाइप एकदा बुजले की हे परत होत नाही. सीपीव्हीसी तापला की लांबतो, १० मीटरला ४० अंशांमागे २५ मिमीच्या वर. सिमेंटमध्ये आवळून बसवला तर कोपऱ्यातला एल्बो तडकतो, आणि गळती दिसते ती भलत्याच भिंतीवर. फोममुळे त्याला हलायला जागाही मिळते.

दुसऱ्या मजल्यावर प्रेशरचा प्रश्न येणारच. टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा फार तर ३ मीटर उंच, म्हणजे ०.३ बार. गिझर पेटायला त्याच्यातून मिनिटाला अडीचेक लिटर पाणी वाहावं लागतं. तेवढं वाहिलं नाही की तो मध्येच विझतो आणि डोक्याला साबण असताना गार पाणी येतं. त्यासाठी प्रेशर पंप लागेल, पण एक लक्षात ठेव: गार आणि गरम, दोन्ही लाइन त्याच पंपावर घ्यायच्या. फक्त गार पाण्याला पंप लावला, तर मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. सोलरची टाकी तेवढा दाब सोसणारी हवी, आणि जोडणीला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गॅस गिझर बाथरूममध्ये लावायचा नाही. लहानसुद्धा नाही, 'तात्पुरता' सुद्धा नाही. पाच बाय सात फुटांच्या, नऊ फूट उंच बाथरूममध्ये ९ घनमीटर हवा असते. सहा लिटरचा छोटा गिझर पंधरा मिनिटांत ०.३ घनमीटर गॅस जाळतो, आणि त्याला किमान ३ घनमीटर हवा लागते. खोलीतली एक तृतीयांश हवा! ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांनी घटला की ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गरगरतं, आणि कडी उघडायची ताकद राहत नाही.

म्हणून रूम-सील्ड, पंख्याचा गिझर घे: दुहेरी नळीतून बाहेरची हवा आत घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा. जागा दुसऱ्या मजल्यावरची ड्राय बाल्कनी. तिला उद्या तुम्ही स्लायडिंग खिडक्या लावणारच, आणि मग ती बाल्कनी न राहता खोली होते. त्यामुळे फ्लूचं, म्हणजे धुराच्या नळीचं, तोंड खिडकीच्या रेषेत नको, बाहेरच्या भिंतीतून काढा, कुठल्याही खिडकीपासून लांब. पश्चिमेचा पावसाचा मारा तोंडावर येणार नाही, अशी बाजू निवडा.

मॉडेल पीएनजीचंच, म्हणजे पाइपने येणाऱ्या गॅसचंच, मागव. एलपीजीचा (सिलिंडरच्या गॅसचा) गिझर जेटचं, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं करून पीएनजीवर चालवून देणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठव. ज्योत निळी हवी. पिवळी झाली किंवा काजळी धरली की बंद करायचं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाल्कनीलगतच्या खोलीत लाव. गॅस गळतीचा डिटेक्टर वेगळा, तो हे काम करत नाही. अलार्म वाजला, किंवा ताप नसताना दोघातिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, तर गिझर बंद, दारं-खिडक्या उघडी, सगळे बाहेर.

कंडेन्सिंग मॉडेल, म्हणजे धुरातली उष्णताही वापरणारं, घ्यावं का, असंही तू विचारलंस. इंग्लंडमध्ये २००५ पासून गॅस बॉयलर तसाच बसवावा लागतो, कारण रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असलं की धुरातली वाफ निवते आणि तिची उष्णता परत मिळते. तुमच्याकडे सोलर असताना गॅस आधीच कमी जळणार, त्यात वाचवायला फार उरत नाही. ते पैसे फोम आणि पंपावर घाल.

टाकी धुतल्यावर गिझरला पाणी कमी यायला लागलं, तर मेकॅनिक बोलावण्याआधी अँगल कॉक बंद करून इनलेटची जाळी काढून ब्रशने धू. बहुतेक वेळा गाळ तिथेच अडकलेला असतो.

मीटरच्या पाटीचा फोटो आणि प्लंबरने काढलेली लाइन प्लास्टरच्या आधी पाठव. पाइपचा व्यास आणि लांबी त्यावर लिहायला सांग. तोवर गिझरचा अॅडव्हान्स देऊ नकोस.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी