पुष्पगुच्छ देण्यापुरती मुले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात तरुणांमधल्या ऑनलाइन जुगारावरील परिसंवादाची बातमी वाचली. काल दिवसभर मेसच्या गडबडीत लिहायला जमले नाही, म्हणून आज लिहिते आहे. छायाचित्रात मंचावर सात जण बसलेले आहेत. त्यातला एकही पन्नाशीच्या आतला दिसत नाही. विषय तरुणांचा आणि तरुण कडेला, पुष्पगुच्छांचा ट्रे घेऊन उभे! वक्त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. पण बातमी दोनदा वाचूनही त्यात एका मुलाचे एक वाक्य सापडले नाही, याचा आलेला राग अजून उतरलेला नाही.

मी नवी पेठेत एकोणीस वर्षे मेस चालवते. माझ्याकडे जेवणारी बहुतेक मुले स्पर्धा परीक्षेची. अभ्यासिका, मेस आणि कॉट, एवढेच त्यांचे पुणे. कोणाची पूर्व निघाली, कोणाची मुख्य हुकली, हे मला ताट वाढताना चेहऱ्यावरून कळते. तरीसुद्धा २०२५च्या आयपीएलमध्ये रोज माझ्यासमोर जेवणारा एक मुलगा बुडत चालला होता, ते मला कळले नाही. मला दिसले ते इतकेच, की त्याचे खाडे वाढले. मार्चचे पैसे एप्रिलअखेर मिळाले, एप्रिलचे मिळालेच नाहीत. ‘काकू, घरून आले की देतो,’ म्हणायचा. घरून केव्हाच आले होते. टेस्ट सिरीज आणि अभ्यासिकेसाठी वडिलांनी पाठवलेले आणि मित्रांकडून हजार-दोन हजार करत उचललेले, असे सगळे मिळून ८६ हजार रुपये ऑनलाइन जुगारात गेले होते.

हे ओळखले शेजारच्या कॉटवरच्या मुलाने. वय वर्षे बावीस. रात्री दोन वाजता पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड त्याला दिसत होता. दिवसा तोच मोबाइल कायम पालथा ठेवलेला असायचा. मे महिन्यात आयपीएल आठवडाभर थांबवली होती, आठवत असेल. बाकीची मुले हळहळली आणि अभ्यासाला लागली. हा मात्र सैरभैर झाला आणि दोन दिवसांत विमान उडवायच्या त्या खेळावर पैसे लावू लागला. तेव्हा त्या मुलाच्या लक्षात आले, की याला क्रिकेटचे वेड नाही, याला पैसे लावल्याशिवाय राहवत नाही. हा फरक मला समजला नसता. त्याच्या वडिलांना किंवा क्लासच्या सरांनाही समजला नसता.

पुढे या शेजारच्या मुलाने जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. भाषण दिले नाही. एक शंभरपानी वही आणली आणि बँकेचे स्टेटमेंट समोर ठेवून त्यालाच दोन रकाने भरायला लावले, लावलेले आणि आलेले. तोवर तो मुलगा खरोखर समजत होता, की आपण दहा-बारा हजारांनी मागे आहोत. जिंकलेले दिवस त्याला तारखेसह पाठ होते, हरलेले आठवतच नव्हते. मग सट्टा लावायला आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक केला, यूपीआयची रोजची मर्यादा कमी केली. सगळ्या मित्रांना बजावले, की याला उसने पैसे द्यायचे नाहीत, भूक लागली तर जेवायला न्यायचे. ‘एकदा रिकव्हर करतो आणि थांबतो’ असे तो म्हणाला, की कोणीतरी त्याला खाली चहाला घेऊन जायचे. संध्याकाळी साडेसातला सामना सुरू व्हायच्या वेळी दोघे सारसबागेपर्यंत चालत जायचे. वडिलांना फोन केला तेव्हाही हा शेजारी बसून होता. माझी थकबाकी महिन्याला पाचशेप्रमाणे फेडायची, हेही त्यानेच ठरवले. एकही हप्ता चुकलेला नाही.

आता माझी खरी तक्रार. हा वही आणणारा मुलगा स्वतःच्या महाविद्यालयात गेला आणि प्रथम वर्षाच्या वर्गांसाठी फक्त अर्धा तास मागितला. उत्तर मिळाले, ‘तज्ज्ञ वक्ते बोलावू, तुम्ही स्वयंसेवक म्हणून या.’ कार्यक्रमाच्या दिवशी त्याने खुर्च्या लावल्या, पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिला. पाहुणे चाळीस मिनिटे मोबाइलच्या दुष्परिणामांवर बोलले. रील्स, गेम, जुगार, सगळे एकाच पिशवीत. वेळ नाही म्हणून प्रश्नोत्तरे रद्द झाली. ती वही तो बरोबर घेऊन गेला होता. संध्याकाळी परत आला, वही माझ्या काउंटरवर ठेवली आणि न बोलता जेवून गेला. आपल्या बातमीतले छायाचित्र पाहिल्यावर मला ती वही आठवली.

निदान पुण्याला तरी हे समजावून सांगावे लागू नये. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी याच शहरात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढच्या रुग्णमित्रांचा हात धरतात, हे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दारूसाठी जे आपल्याला पटले, ते जुगारासाठी का पटू नये? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही जुगाराचे व्यसन आहे. पण आपल्याकडे अजून ‘मुलाला वळण नाही’ यावरच विषय संपतो.

माझे मामा मटका लावायचे. कल्याणचा आणि वरळीचा आकडा पानटपरीवर कळायचा, आणि मामा तिथे उभे दिसले की दिवेलागणीच्या आत वाड्यातले कोणीतरी मामीच्या कानावर घालायचे. भांडणे व्हायची, पण निदान लपून राहत नव्हते. आता पैसे लावायला कोणाला टपरीवर जावे लागत नाही. जे काही दिसते ते खोलीतल्या सोबत्यालाच दिसते. म्हणून माझे म्हणणे आहे, की काय बोलायचे, कुठे बोलायचे, कोणत्या भाषेत बोलायचे हे त्याला ठरवू द्या. मोठ्यांनी हॉल मिळवून द्यावा, खर्च करावा, समुपदेशक गाठून द्यावा आणि समोरच्या खुर्चीत बसून ऐकावे. राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. त्यातले वीस-पंचवीस तास या कामाला धरले, तर एकेका वसतिगृहात दोन-तीन जाणती मुले तयार होतील. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, मुलांवर विश्वास टाकावा लागतो.

परिसंवादात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याबद्दल बरेच बोलले गेलेले दिसते. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, हे आपण ठळक छापलेत. पण या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे छापले नाही. मुलांना नेमके तेच ठाऊक नसते. पोलिसांच्या भीतीने ती गप्प बसतात, आणि देणी थकली की ‘तुझे बँक खाते वापरायला दे, महिन्याला पैसे देतो’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. तिथे मात्र खरोखर गुन्ह्यात अडकायला होते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक छापायला एक ओळ पुरली असती. पाहुण्यांच्या पदव्यांना सहा ओळी दिल्या आहेत.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. तो कायदा येईपर्यंत रमीच्या मोठमोठ्या जाहिराती आपल्याच पानांवर येत होत्या. अशा जाहिरातीत इशाऱ्यासाठी किमान वीस टक्के जागा हवी, असे जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून सांगितले होते. मी एका जाहिरातीवर पट्टी ठेवून मोजले, जागा कमी भरली आणि तसे पत्र आपल्याला पाठवले. ते छापले नाही, उत्तरही आले नाही. ते कात्रण मी जपून ठेवले आहे. माझ्या मेसमध्ये आपलाच अंक येतो आणि मुले तो पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, म्हणून हे फार लागले.

हे पत्र छापताना जागेअभावी कापायचे झाल्यास माझ्या मामांचा भाग कापावा, वहीचा ठेवावा. आपल्या वार्ताहराला त्या मुलाशी बोलायचे असेल तर तो तयार आहे, मी विचारले आहे. दुपारी दोन ते चार या वेळात यावे. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते.

आपली,
एक मेसचालक वाचक
नवी पेठ, पुणे