आधी कौले, मग पुस्तके : वाचनालयाच्या चित्रदालनासाठी आवाहन

समस्त ठाणेकरांस सस्नेह नमस्कार.

तलावपाळीच्या मागच्या गल्लीतले आपले जुने वाचनालय बहुतेकांना वर्तमानपत्रांच्या टेबलांमुळे ठाऊक आहे. माडीवरचे चित्रदालन किती जणांनी पाहिले, हे विचारायला आम्हीही कचरतो. गेल्या पावसाळ्यात त्या दालनाची भिंत ओलीने फुगली आणि चित्रे खाली अभ्यासिकेत आणावी लागली. तेव्हापासून परीक्षेची मुले जिन्यात बसून अभ्यास करत आहेत.

ठाण्याला छापील अक्षराची ओढ जुनी. ‘अरुणोदय’ हे पत्र इथे १८६६ साली निघाले. १८९३ मध्ये वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथ संग्रहालय उभे राहिले, तेव्हा ठाणे म्हणजे खाडीकाठचे लहानसे गावच होते. आपले वाचनालय त्याच हवेत, वर्गणीवर वाढले. चित्रेही अशीच जमली : कोणी वाडा पाडताना दिली, कोणी दिवाणखान्यातून उतरवून दिली. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसची छापील चित्रे त्यांत आहेत, जुन्या ठाण्याची जलरंगातली दृश्येही आहेत.

ही चित्रे बिघडतात कशी, ते सांगायला हवे. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात याहून कमी आर्द्रता क्वचितच असते. चित्र काचेला टेकलेले असेल तर रंग काचेला चिकटतो आणि सोडवताना सोलून निघतो. पाठीमागच्या प्लायवुडमधले आम्ल कागद पिवळा करते. खळीच्या वासाने कसर येते ती वेगळीच. म्हणून नुसती नवी फ्रेम करून भागत नाही. चित्र आणि काच यांत अंतर ठेवणारा आम्लरहित पुठ्ठा लागतो, आणि काम जाणत्या हातांनीच व्हावे लागते. (जाता जाता : फाटके पान सेलोटेप लावून परत करणाऱ्या सभासदांना हात जोडून विनंती, तसेच फाटके द्या. त्या गोंदाचा डाग कायमचा राहतो.)

पण हे सगळे छप्परानंतर. मंगळुरी कौले सरकली आहेत, खालचे वासे आणि रिपा कुजल्या आहेत. ताडपत्रीवर आणखी एक पावसाळा ढकलणे म्हणजे चित्रांवर पाणी सोडणे. मिळणारे शासकीय अनुदान पगार, वीजबिल आणि ग्रंथखरेदीत संपते. मृगाच्या आत कौले उतरवून वासे बदलायचे, तर काम आत्ताच हाती घ्यायला हवे.

तेव्हा देणगी द्यावी, रक्कम लहान असली तरी संकोच करू नये. शक्यतो धनादेशाने द्यावी, पावती घ्यावी. वाशांसाठी जुने, किडीविना सागवान कोणाकडे पडून असेल तर कळवावे. सुतार, गवंडी, कागदाच्या जतनाचे शिक्षण घेतलेली मुले यांचे काही दिवस मिळाले तर तीही मोठी देणगीच. पुस्तके मात्र सध्या नकोत. जुनी पाठ्यपुस्तके आणि गाइडे तर कधीच नकोत.

खर्चाचा अंदाज आणि ठेकेदारांची दरपत्रके खालच्या फलकावर लावली आहेत, येऊन पाहावीत. बँक खात्याचा तपशील कार्यालयातच मिळेल. आमच्या नावाने कोणी घरी येऊन रोख मागितल्यास देऊ नये. सोमवारी वाचनालय बंद असते.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ