खापर कोणाच्या माथी?

ट्रॉय, मिशिगन

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे, सौ. मजेत आहे. एवढे लिहून मुद्द्यावर येतो, कारण ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो आहे ती इथे कोणाला सांगितली तरी पटणार नाही.

आमच्या कारखान्याचे प्रेस शॉप उन्हाळ्यात बंद होणार, असे जाहीर झाले आहे. दारांचे पत्रे दाबणारी ती लाइन, जिचा फोटो पाहून तू ‘ही तर आपल्या पिंपरीच्या लाइनची थोरली आत्या’ म्हणाला होतास, ती भंगारात निघेल. त्याचे दुःख आहेच. पण त्याहून मनाला लागले आहे ते एक टिपण. कामगारांच्या सभेत वाचण्यासाठी बंद होण्याची कारणे मी लिहावीत असे ठरले आणि पाठोपाठ वरून मसुदाही आला. त्यात पहिले कारण ‘वाढलेली मजुरी’ आणि दुसरे ‘परदेशी स्पर्धा’. तिसरे कारण नाही. त्याखाली माझी सही हवी आहे.

मेसमधले आपले भांडण तुला आठवत असेल. कारखाना बुडाला की दोष मालकाचा, असे तू ताटावर चमचा आपटून सांगायचास आणि दोष दोघांचा, असे मी म्हणायचो. एकदा तू माझ्या पानातली जिलबी उचललीस आणि त्याला संपत्तीचे न्याय्य वाटप म्हणालास. ती जिलबी मी अजून विसरलेलो नाही. पण इतकी वर्षे या मुलखात राहून, इथल्या जुन्या माणसांचे ऐकून आणि मिळेल ते वाचून माझे जे मत झाले आहे, ते तुझ्या बाजूला बरेच सरकलेले आहे, आणि ते मला तुझ्यापुढे नीट मांडायचे आहे.

मजुरीपासूनच सुरुवात करतो. 1945–46 च्या हिवाळ्यात जनरल मोटर्समध्ये 113 दिवसांचा संप झाला. मोटार कामगारांच्या युनियनचा पुढारी वॉल्टर रॉयथर याची मागणी अशी होती की मजुरी 30 टक्के वाढवा, पण गाडीची किंमत वाढवू नका. आणि परवडत नसेल तर हिशेबाच्या वह्या उघडून दाखवा. कंपनीने पगार काही प्रमाणात वाढवला, पण वह्या उघडल्या नाहीत. पुढे 1950 मध्ये पाच वर्षांचा मोठा करार झाला, त्यात निवृत्तिवेतन आले, आरोग्यविम्याचा वाटा आला आणि त्याच्या बदल्यात कोणती गाडी बनवायची, कुठे बनवायची, पैसा कशात घालायचा हे सगळे अधिकार कंपनीकडे निर्विवाद राहिले. रॉयथरला खरे तर साऱ्या देशासाठी सरकारी आरोग्यविमा हवा होता; तो झाला नाही आणि प्रत्येक कंपनी आपल्या म्हाताऱ्यांचा भार स्वतः वाहू लागली. धंदा वाढत होता तोवर ते जाणवले नाही. कामावरच्या माणसांपेक्षा निवृत्तांची संख्या कित्येक पटींनी वाढली, तेव्हा त्याच भाराला ‘मजुरी’ म्हणून दाखवले गेले. ज्याला निर्णयात कधी बसू दिले नाही, त्याच्यावरच निर्णयाचे खापर फोडायचे, हे मला सहन होत नाही.

माणसेच आळशी होती, असे म्हणणाऱ्यांना मी फ्रीमॉन्टची गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा हा कारखाना 1982 मध्ये बंद झाला. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास, भांडणे रोजची, गाड्या सदोष. लाइन थांबवायची नाही हा दंडक होता. त्यामुळे चुकीचा भाग बसलेली गाडीही पुढे सरकायची आणि नंतर मागच्या आवारात उघडून दुरुस्त व्हायची. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. बहुसंख्य कामगार जुनेच, युनियन जुनीच. त्यांतल्या काहींना शिकण्यासाठी जपानला पाठवले. परत आल्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली: काही चुकले तर ओढ, लाइन थांबली तरी चालेल. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जपानी कारखान्याच्या तोडीला आली आणि गैरहजेरी नावापुरती उरली. माणसे तीच, दोरी नवी. सुधाकर, हे शिक्षण डेट्रॉइटच्या, म्हणजे इथल्या मोटार कंपन्यांच्या, वरिष्ठांना आयते मिळाले होते. त्याच दशकात जनरल मोटर्सचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी यंत्रमानवांवर अब्जावधी डॉलर ओतले आणि ती दोरी इतर कारखान्यांत नेण्याची घाई कोणी केली नाही.

दुसरे कारण ‘परदेशी स्पर्धा’. 1973 मध्ये तेल महागले, 1979 मध्ये पुन्हा महागले, लोकांना लहान गाडी हवी होती आणि डेट्रॉइटकडे होत्या व्हेगा आणि पिंटो यांसारख्या सदोष लहान गाड्या. मोठ्या गाडीवर नफा जास्त, म्हणून लहान गाडी नेहमी नाइलाजाने बनवली गेली. 1981 मध्ये जपानने अमेरिकेच्या दबावाखाली गाड्यांच्या निर्यातीवर ‘स्वेच्छेने’ मर्यादा घातली, तेव्हा मिळालेल्या सवडीत इथल्या कंपन्यांनी किमती वाढवल्या. होंडाने मात्र 1982 मध्ये ओहायोत कारखाना सुरू करून अमेरिकन कामगारांकडूनच गाड्या बनवून घेतल्या. बाहेरून येणाऱ्या लहान ट्रकांवर 1964 पासून 25 टक्के कर आहे, तो कोंबड्यांच्या निर्यातीवरून युरोपशी झालेल्या भांडणातून आला आणि अजून तसाच आहे. त्या कुंपणाआड पिकअप ट्रक विकणे इतके सुखाचे झाले की कार बनवण्याची गरजच कोणाला वाटेना. 2018 मध्ये फोर्डने मस्टँग सोडून जवळजवळ सगळ्या कार अमेरिकेत बंद करण्याचे जाहीरही केले. साठीच्या दशकाच्या आरंभी देशातल्या जवळपास निम्म्या गाड्या विकणारी जनरल मोटर्स 1 जून 2009 रोजी दिवाळखोरीत गेली, ती एका रात्रीत नव्हे.

युनियनला मी सोडत नाही, म्हणजे तू लगेच जिलबी मागू नकोस. काम नसतानाही जवळपास पूर्ण पगार देणारी ‘जॉब्ज बँक’ 1984 मध्ये आली, ती टिकवण्याचा हट्ट चुकीचाच होता. त्याच युनियनच्या दोन माजी अध्यक्षांनी 2020 मध्ये सभासदांच्या पैशाच्या अपहारासंबंधी गुन्हा कबूल केला, त्याने तर मान खाली गेली. पण पिंटोचा आराखडा त्यांनी काढला नव्हता.

आता मला खरी बोचणारी गोष्ट. हायलंड पार्क हे नाव तुला माहीत आहे. फोर्डने 1913 मध्ये फिरती जोडणी लाइन तिथेच सुरू केली. त्याच गावात जून 1982 मध्ये व्हिन्सेंट चिन या 27 वर्षांच्या मुलाला बेसबॉलच्या बॅटने मारले गेले. तो चिनी वंशाचा होता, जपानी नव्हे. मारणारा क्रायस्लर या मोटार कंपनीचा सुपरवायझर होता आणि त्याच्याबरोबर त्याचा सावत्र मुलगा होता, ज्याचे कारखान्यातले काम गेले होते. तुमच्यामुळे आमचे काम गेले, अशा अर्थाचे बोल तिथे ऐकल्याचे साक्षीदाराने सांगितले. चार दिवसांनी चिन गेला; काही दिवसांवर त्याचे लग्न होते. न्यायाधीशांनी तीन वर्षांचे प्रोबेशन आणि 3000 डॉलर दंड दिला. तुरुंगात कोणी एक दिवस काढला नाही.

आमच्या डायांचे, म्हणजे पत्रा दाबण्याच्या साच्यांचे, आराखडे आता पुण्यात निघतात, हे शॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि ‘परदेशी स्पर्धा’ हे शब्द त्यांच्यापुढे मी वाचायचे, माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीत. हे मी करणार नाही.

आमच्याकडे एक जुना इन्स्पेक्टर आहे. सुती हातमोजा घालून तो दाराच्या पत्र्यावरून तळहात फिरवतो, केसाएवढा खड्डा त्याच्या बोटांना कळतो, मग त्यावर तेलाचा दगड घासून तो खड्डा डोळ्यांनाही दाखवतो. डायचा मार्गदर्शक खांब झिजला आहे, असे तो वारंवार लेखी देत आला आणि दरवेळी ‘या वर्षी पैसे नाहीत’ असे उत्तर आले. झिजलेल्या डायने रिजेक्शन वाढले, रिजेक्शनने ग्राहक गेला. आमच्या पत्र्याच्या किमतीत पोलादाचा वाटा मजुरीच्या कितीतरी पट आहे, हे माझ्याच कागदांत आहे. त्याच्या त्या जुन्या अर्जांच्या तारखा मी टिपणात पहिल्या ओळीपासून घालणार आहे. तसे टिपण वरच्यांनी नाकारले तर सही होणार नाही.

भोसरीच्या टाळेबंदीनंतर तू कामगारांपुढे वाचलेले निवेदन तुझ्याकडे असेल. कोणाला न दुखवता आणि काहीही न लपवता तू ते कसे लिहिलेस, ते मला पाहायचे आहे. त्याचा फोटो सोमवारच्या आत पाठव.

मुग्धाचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. तारीख कळव, म्हणजे तिकिटे काढतो. गुडघ्याचे ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. वहिनींना नमस्कार, आणि वाड्याच्या वाटणीचे काय झाले तेही सविस्तर लिही.

तुझा,
मोरेश्वर