तबेलाही वारसाच

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील, इंग्लंडमधल्या न्यूमार्केट या घोडेशर्यतींच्या गावातील पॅलेस हाऊसवरचा लेख वाचला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या राजवाड्याच्या या उरलेल्या भागाचे वर्णन नेमके आहे. पण शेजारचे, शर्यतीचे घोडे तयार करणाऱ्या ट्रेनरचे घर आणि तबेले दोन ओळींत उरकले, हे खटकले. इथले ट्रेनर ब्रूस हॉब्स १९८५ मध्ये निवृत्त झाले, तिथे २०१६ मध्ये संग्रहालय खुले झाले आणि आज निवृत्त घोडे पुन्हा त्याच आवारात बांधले जातात. खरे श्रेय याचे आहे.

कारण तबेला टिकवणे घर टिकवण्याहून अवघड. घोड्याच्या मुतातले क्षार वर्षानुवर्षे विटांत मुरतात. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षारांचे स्फटिक धरतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. इथे चुन्याचाच गिलावा हवा. त्याआधी भिंतीवर फुललेले क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत. पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत शिरतात. आढ्यावरचे झरोके गळतात म्हणून बुजवण्याची हौस तर सर्वत्र दिसते. मग अमोनिया आतच राहतो आणि घोडे खोकू लागतात.

महालक्ष्मी रेसकोर्सच्या १२० एकरांवर उद्यान करायचे ठरल्यापासून आपल्याकडे चर्चा मैदानाची आणि ग्रँडस्टँडचीच होते. तिथल्या जुन्या तबेल्यांना हात लावण्याआधी मोजमापे घेऊन त्यांचे नकाशे तरी करून ठेवावेत.

– एक वास्तुसंवर्धक, पुणे