बीपीची गोळी महिनाभराची द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे पक्षाघात झाला असं कुणी म्हणत नाही, 'वारं गेलं' म्हणतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंना गेल्या माघात वारं गेलं. पहाटे धार काढायला बसल्या आणि चरवी हातातून सुटली. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. वय बावन्न. तालुक्याच्या दवाखान्यात मोजलं तर बीपी दोनशेच्या वर.

नंतर फडताळ आवरताना गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या सापडल्या, रबर लावून जपून ठेवलेल्या. दाखवून पुढच्या आणायच्या म्हणून. वर्षापूर्वी आशाताईंनी त्यांना तपासणीला नेलं, तेव्हाच बीपी जास्त निघालं होतं. पण गोळ्या मिळायच्या दहा दिवसांच्या. आरोग्य केंद्र सात किलोमीटरवर, ओपीडी सकाळची, आणि खुरपणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे त्या दिवसाचा रोजगार गेला. तीन खेपा केल्या आणि चौथ्या वेळी म्हणाल्या, "डोकं दुखत न्हाई, चक्कर येत न्हाई, मग रोज गोळी कशाला खायची?" मीही तेव्हा मान डोलावली. आज त्याचं फार वाईट वाटतं.

बीपी १४०/९० च्या वर गेलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून तर ते मोजावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या पंधरा वर्षांवरच्या २१ टक्के बायकांना आणि २४ टक्के पुरुषांना वाढलेलं बीपी किंवा त्यावरची गोळी चालू असल्याचं दिसलं. हा शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार, असं आमच्या गावात अजून समजतात. जाऊबाई काटकुळ्या, दिवसभर रानात.

मग त्यांना का? दोन गोष्टी मला घरातच दिसतात. एक मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, खारवलेली मिरची असली की तेवढं एका जेवणातच होत असेल. दुसरी मिश्री. तव्यावर तंबाखू भाजली की सगळं घर खोकतं, तरी 'मी तंबाखू खात नाही, नुसते दात घासते' असंच उत्तर मिळतं. मिश्री ही तंबाखूच आहे. तिच्यातल्या निकोटिननं बीपी चढतं. तपासणीला आलेल्या बाईला 'तंबाखू खाता का?' न विचारता 'मिश्री लावता का?' असं विचारलं, तर खरं उत्तर येईल.

माझं मुख्य मागणं मात्र गोळ्यांचं आहे. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आमचा सातारा होता. एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या द्याव्यात आणि त्या घराजवळ मिळाव्यात, हे त्या उपक्रमातच धरलेलं आहे. औषध साधं आणि स्वस्त आहे, मग गावोगावी हे नीट का होत नाही? आरोग्य विभागाने उपकेंद्रावरच महिन्याच्या गोळ्या ठेवाव्यात. आमच्याकडे बुधवारी बाजार असतो, त्या दिवशी बायका कामाला जात नाहीत. बीपी तपासायचा वार तोच धरावा.

– एक वाचक, जि. सातारा