निर्यातीआधी नावाची नोंदणी करा

संपादक महोदय,

दिवाळीच्या तोंडावर दादर, गिरगाव, लालबागहून फराळाची आणि मसाल्यांची खोकी आखातात, अमेरिकेत, इंग्लंडमध्ये रवाना होतात. उद्योजक आयात-निर्यात कोड काढतो, अन्नसुरक्षेचा परवाना घेतो, पाकिटांची छपाई करून घेतो. ज्या नावावर गिऱ्हाईक पैसे मोजते, ते मात्र फार तर भारतातच नोंदवलेले असते. ट्रेडमार्कचा हक्क देशाच्या हद्दीपुरताच चालतो. ‘प्रियस’ हे नाव टोयोटाने जपानमध्ये १९९७ मध्येच बाजारात आणले होते. भारतात ते सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने आधी नोंदवले. इथे त्या काळी आपल्या ‘प्रियस’ची पुरेशी ओळख होती, हे टोयोटाला सिद्ध करता आले नाही आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल तिच्या विरोधात गेला. लहान मसालेवाल्याने परदेशी कोर्टात नावलौकिकाच्या जोरावर लढायचे म्हटले, तर त्याचा टिकाव कसा लागणार?

भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात अर्ज केला, तर औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस करारानुसार तिथेही भारतातलीच तारीख धरली जाते. चीनसारख्या देशात जो आधी अर्ज करतो त्याचेच पारडे जड असते, त्यामुळे हे सहा महिने वाया घालवू नयेत.

अनेक देशांसाठी माद्रिद पद्धत, म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जात अनेक सदस्य देशांत नोंदणी मागण्याची सोय, उपयोगी आहे. भारत ८ जुलै २०१३ पासून तिच्यात आहे, संयुक्त अरब अमिराती डिसेंबर २०२१ पासून. अर्ज आपल्याच ट्रेडमार्क रजिस्ट्रीमार्फत ऑनलाइन जातो. तिचे मुख्यालय इथेच, अँटॉप हिलला आहे. रजिस्ट्रीचे हाताळणी शुल्क ५,००० रुपये, वायपोचे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे) मूळ शुल्क कृष्णधवल चिन्हाला ६५३ स्विस फ्रँक आणि रंगीत चिन्हाला ९०३, शिवाय प्रत्येक देशाचे वेगळे. सदस्य नसलेल्या देशात तिथल्या वकिलामार्फत थेट अर्ज करावा लागतो.

माद्रिदचा अर्ज भारतातल्या मूळ अर्जावर किंवा नोंदणीवर उभा असतो आणि अडचणी येतात त्या याच मूळ अर्जात. माद्रिदचे चिन्ह त्या अर्जातल्या चिन्हाशी तंतोतंत जुळावे लागते. भारतात नाव फक्त देवनागरीत नोंदवले आणि दुबईच्या पाकिटावर ते रोमन लिपीत छापले, तर छापलेल्या रूपासाठी माद्रिदचा अर्ज करताच येत नाही. म्हणून दोन्ही लिप्यांचे अर्ज सुरुवातीलाच वेगवेगळे करावेत. अर्जदाराचे नावही तेच हवे. मूळ अर्ज मालकाच्या वैयक्तिक नावावर आणि निर्यात प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर असेल, तर आधी हस्तांतरण करून घ्यावे. मालाचे ट्रेडमार्क वर्ग नीट पाहावेत: मसाले ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, कोकम सरबत ३२ मध्ये. मूळ अर्जात नसलेला माल माद्रिदमध्ये वाढवता येत नाही.

सर्वांत मोठा धोका पहिल्या पाच वर्षांत असतो. या काळात भारतातला मूळ अर्ज फेटाळला गेला किंवा नोंदणी रद्द झाली, तर त्यावर उभी असलेली सगळ्या देशांतली नोंदणी कोसळते. मग तीन महिन्यांत प्रत्येक देशात थेट अर्जात रूपांतर करून मूळ तारीख वाचवता येते, पण खर्च पुन्हा नव्याने येतो. ‘गोडा’, ‘कांदा-लसूण’ असे मालाचे वर्णन करणारे शब्दच ज्या नावात आहेत, त्यावर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची (वर्णनात्मक नावांना मनाई) हरकत येतेच. अशा नावावर माद्रिद उभारू नये, महत्त्वाच्या एक-दोन देशांत थेट अर्ज करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुठल्याही देशाकडून तात्पुरता नकार आला, तर त्या पत्रातली मुदत त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावी. चीनमध्ये फेरविचारासाठी जेमतेम १५ दिवस मिळतात, अमेरिकेत सहा महिने. उत्तर बहुतेक ठिकाणी स्थानिक वकिलामार्फतच द्यावे लागते.

आणि वितरकाचा करार. परदेशातला वितरक ‘इथली कागदपत्रे मी पाहतो’ म्हणत नाव स्वतःच्याच नावे नोंदवतो, मग करार मोडला की मूळ मालकाचाच माल अडतो. नाव उत्पादकाचे आहे, वितरक ते स्वतःच्या नावे नोंदवणार नाही आणि करार संपताच वापर थांबवेल, ही तीन वाक्ये पहिली खेप निघण्याआधीच सहीनिशी करारात यायला हवीत. निर्यातीच्या कार्यशाळा घेणाऱ्या उद्योग विभागाने आणि व्यापारी संघटनांनी या कलमांचा मराठी नमुना उद्योजकांच्या हाती द्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

– एक ट्रेडमार्क एजंट, दादर, मुंबई